मदत हवी आहे: हानलेच्या दुर्बिणीसाठी रात्री कशा निवडायच्या?

नमस्कार मंडळी, एमएस्सी प्रोजेक्टसाठी लडाखमधल्या हानलेच्या २ मीटर हिमालयन चंद्रा टेलिस्कोपवर वेळ मागायला प्रपोजल लिहितेय. मनात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ होता, मे महिन्यात मुलुंडच्या गच्चीवरून बायनॉक्युलरने शेजारच्या टाकीवर कापसाच्या बोळ्यासारखा दिसलेला, पण डिक्लिनेशन (आकाशातलं अक्षांश) उणे ४७ अंश, म्हणजे इथून क्षितिजापासून २३ अंश वर येतो आणि हानलेहून जेमतेम १०, एअरमास (प्रकाश किती हवेतून येतो ते, डोक्यावर १) पाचच्या वर, फार वाईट वाटलं. आता एम १३ हा दुसरा तारकागुच्छ घेतेय, तो मेअखेरीस मध्यरात्री तिथे जवळपास डोक्यावरच असतो. सूर्य क्षितिजाच्या १८ अंश खाली गेल्यापासून, म्हणजे पूर्ण अंधार झाल्यापासून, एअरमास २ च्या आतले तास मोजलेत, पण चंद्राचं गणित जमत नाहीये. अंधुक तारे हवे असतील तर पौर्णिमेच्या आगेमागे किती रात्री सोडायच्या, चंद्रापासून किती अंश लांब धरायचं? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, डेडलाईन तोंडावर आलीय.