अर्ध्या दिवसाच्या डांबरकामाला दोन झेंडीवाले हवेतच का?

बांधावरचा (दारव्हा तालुका): पावसाळा सरला की आमच्याकडे खड्डे बुजवण्याचे काम निघते. ठेकेदाराची माणसे वळणाच्या तोंडाशी चार दगड आणि बाभळीची एक फांदी टाकतात. संध्याकाळी रोलर निघून जातो, दगड मात्र तिथेच राहतात. गेल्या कार्तिकात कापसाने भरलेली आमची बंडी अंधारात अशाच एका दगडावर चढली, कणा मोडला आणि एक बैल महिनाभर लंगडत होता. काम अर्ध्या दिवसाचे असले तरी दोन्ही टोकांना झेंडी घेतलेला माणूस आणि बऱ्याच अलीकडे सूचनाफलक असल्याशिवाय ते सुरूच होऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गिट्टीवाला: मी मुकादम आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. एक खड्डा वीस मिनिटांत बुजतो आणि टोळी पुढे सरकते. प्रत्येक ठिकाणी फलक मांडायचे आणि काढायचे म्हटले, तर त्यातच अधिक वेळ जातो, आणि तेवढा वेळ फलक मांडणारा माणूसच धावत्या गाड्यांपुढे उभा असतो. सहा जणांतले दोघे झेंडीला दिले, तर माल पसरण्याआधीच थंड होतो. दगड मागे ठेवणे चूकच आहे, त्याचे समर्थन मी करत नाही.

निवृत्त शाखा अभियंता: थोडे गणित पाहू. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. चालकाला उमगून ब्रेक दाबेपर्यंतचे अडीच सेकंद धरले, तर थांबायला एकूण सुमारे 80 मीटर लागतात. वेग 80 असेल तर 120. वळणावरची फांदी तीस मीटरवरून दिसत असेल, तर ती असून नसल्यासारखीच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘एसपी 55’ या मार्गदर्शिकेत कामाच्या जागेआधी सूचनेचा स्वतंत्र टप्पा धरला आहे, तो याचसाठी. मुकादमांचे म्हणणे सरळ, मोकळ्या रस्त्यापुरते मला मान्य आहे. तिथे टिपरच्या मागे लुकलुकणारा दिवा आणि एक झेंडीवाला पुरेल. वळणावर किंवा पुलाजवळ मात्र तडजोड नको. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 198अ ठेकेदारालाही 1 लाख रुपयांपर्यंत दंड लावते, पण हलगर्जीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावरच. बंडीचा कणा त्यात बसत नाही.

एसटीचा प्रवासी: दोन झेंडीवाले उभे केले म्हणजे प्रश्न सुटला, हे मला पटत नाही. वळणामुळे ते एकमेकांना दिसत नव्हते आणि दोघांनीही हिरवी झेंडी दाखवली, हे मी एसटीच्या खिडकीतून पाहिले आहे. समोर ट्रॅक्टर-ट्रॉली आली. तिला मागे घेता येईना, आणि बाजूपट्टीवर उतरावे तर ओल्या काळ्या मातीत चाक रुतणार. पंधरा मिनिटे नुसता आरडाओरडा चालला होता. त्यापेक्षा सोडलेल्या शेवटच्या गाडीच्या चालकाकडे एक झेंडी द्यावी. ती पलीकडे पोचली की मगच तिकडची वाहने सोडावीत.

गिट्टीवाला: ही झेंडीची युक्ती फुकटात होण्यासारखी आहे, ती उद्यापासूनच करतो. दगडही सकाळी मोजून ठेवू आणि निघताना मोजून उचलू.

बांधावरचा: मोजण्यावर माझा विश्वास नाही, दगड नकोतच. चुरी भरलेल्या गोण्या ठेवा आणि त्यांवर चमकणारी पट्टी लावा. एखादी विसरलीच, तर गोणी फाटेल, कणा मोडणार नाही.