मदत हवी आहे: आईला बाएलो क्लाउदिया (दक्षिण स्पेनमधल्या रोमन गावाचे अवशेष) दाखवायचंय

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आई माझ्याकडे माद्रिदला येतेय. राजवाडे, चर्च यात तिला रस नाही. पण बाएलो क्लाउदियाचे फोटो दाखवताना एका फोटोवर ती थांबली. समुद्राला अगदी लागून जमिनीत बांधलेली कुंडं. रोमन लोक त्यात ट्युनाचे तुकडे मिठाचे थर देऊन खारवायचे आणि ते जहाजांनी दूरवर जायचे. काही कुंडं चौकोनी, काही गोल. आई वेंगुर्ल्याची, जन्मभर बरणीत बांगडे खारवलेले. फोटो मोठा करून म्हणाली, "कोपरे नायत ता बरा केल्यानी, धुवूक सोपा." तेव्हाच ठरवलं, हिला तिथे न्यायचंच.

मी गाडी चालवत नाही. हे अवशेष बोलोनियाच्या किनाऱ्यावर आहेत. जवळच्या तारिफा गावाहून तिथपर्यंत बस मिळते का? आईचे गुडघे दुखतात, तिला चालणं कितपत झेपेल? आणि मे महिना बरा की सप्टेंबर?

प्रतिसाद

मेमध्येच जा. वसंतात ट्युनाचे थवे अंडी घालायला अटलांटिकमधून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात शिरतात. त्यांच्या वाटेवर जाळी उभी करून धरायची पद्धत तिथे अजून चालू आहे, अल्माद्राबा म्हणतात. ताजा ट्युना आईंना नक्की खायला घाला.

बस उन्हाळ्यातच असते, तिच्या भरवशावर राहू नका. आम्ही तारिफाहून टॅक्सी केली आणि परतीची वेळ त्याच ड्रायव्हरशी आधीच ठरवली. सोमवार टाळा, बंद असतं.

गुडघ्यांचं म्हणाल तर सगळं गाव समुद्राकडे उतरतं आहे. कुंडं सगळ्यात खाली, म्हणजे जाताना उतार आणि येताना चढ. चौक आणि बॅसिलिका (चर्च नव्हे, रोमन काळातलं न्यायनिवाड्याचं सभागृह) वाटेतच आहेत, तिथे टेकत टेकत जा. बॅसिलिकेतला रोमन सम्राट ट्राजनचा पुतळा प्रतिकृती आहे, मूळ कादिझच्या संग्रहालयात. नाट्यगृह वरच्या अंगाला आहे, ते सोडलंत तरी चालेल. कुंडांपाशी मात्र भरपूर वेळ ठेवा. हवा स्वच्छ असेल तर तिथून समोर आफ्रिकेचे डोंगर दिसतात.

सावली जवळजवळ नाही. आणि पूर्वेचा वारा, लेवान्ते, सुटला की वाळू डोळ्यांत जाते. टोपी टिकत नाही, आईंना डोक्याला घट्ट स्कार्फ बांधायला सांगा.

धागाकर्ती

खूप आभार! मंगळवारचं ठरवते. सामुद्रधुनीतला ट्युना ऐकून आई विचारतेय, "मीठ खंयचा वापरत?" कोणाला माहीत असेल तर सांगा, ती उत्तराची वाट बघतेय.