वितळलेल्या मिठातले लँथनाइड: कोकणाने याची फिकीर का करावी?

राजापूरकर
परवा वाडीत विषय निघाला. एकाची पुतणी पीएच.डी. करते, अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेवर, म्हणजे वापरलेल्या इंधनातून उपयोगी भाग परत काढण्यावर. काका म्हणाले, "तापलेल्या मिठातले रंग बघते." सगळे खो-खो हसले. जैतापूर अणुप्रकल्पाला माडबनच्या जमिनी गेल्या, ९९०० मेगावॅट ऐकून कान किटले, आणि ही रंग बघते! माझं मत उलटं आहे. जैतापूरवरच्या शंभर भाषणांपेक्षा हे काम मोलाचं.

लिथियम आणि पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण साडेतीनशे अंशांच्या आसपास वितळतं, काम ४५०-५०० अंशांना चालतं. त्यात वीज सोडून वापरलेलं इंधन अॅनोडवर विरघळवायचं, कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकावर, युरेनियम जमवायचं. लँथनाइड (इंधन जळताना तयार होणारी युरोपियम, निओडिमियमसारखी मूलद्रव्यं) मिठातच साचत जातात. पण मिठात कोण कुठल्या रूपात आहे? नुसत्या करंटवरून छातीठोक सांगता येत नाही, कारण ओलावा, ऑक्साइड, सगळेच त्यात हात मारतात. म्हणून क्वार्ट्झच्या सेलमधून प्रकाश सोडायचा, जाळीदार इलेक्ट्रोडचं व्होल्टेज थोडं थोडं सरकवायचं आणि दर वेळी स्पेक्ट्रम (कुठला रंग किती शोषला गेला त्याचा आलेख) घ्यायचा. युरोपियमचा विद्युतभार तीनचा दोन झाला की स्पेक्ट्रम बदलतो. दोन्हींचं प्रमाण निघालं की नर्न्स्टच्या समीकरणातून पोटेन्शियल, म्हणजे हा बदल किती व्होल्टेजला होतो ते, हातात. आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. प्लांटच्या शेजारी राहणाऱ्याला आणखी काय हवं?

तारापूरला_होतो
शेजारी राहणाऱ्याला हिशोब हवा, चित्र नको. आणि तारापूरही कोकणातच येतं बरं का, तिथे १९६९ पासून अणुवीज आहे आणि पुनर्प्रक्रियाही होते. ती पाण्याच्या पद्धतीने: नायट्रिक आम्ल आणि टीबीपी (युरेनियम-प्लुटोनियम ओढून घेणारा द्रव). ट्रॉम्बेला साठच्या दशकात सुरू झालेली पद्धत, अजून चालते आहे.

प्रयोगशाळेत एकच लँथनाइड, स्वच्छ मीठ, आर्गॉन भरलेला ग्लोव्हबॉक्स (हातमोजे जोडलेली बंद पेटी). प्लांटमध्ये तीन-संयुजी (तीन भाराच्या) युरेनियमचा रंग इतका गडद की लँथनाइडचे बारीक पट्टे त्यात बुडून जातात. खिडकीवर थर बसतो तो वेगळाच. लिथियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. आमच्याकडच्या जुलैत ते बाहेर ठेवून बघा. आणि जैतापूरचं इंधन ऑक्साइडचं असणार. त्याला आधी क्षपण करून (ऑक्सिजन काढून) धातू करावं लागतं, मगच तुमचं मीठ. वाडीतले हसले ते उगाच नाही.

केमिस्ट्रीची_बाई
रंग गडद आहे हे खरं. पण निओडिमियमचे पट्टे अरुंद आणि ठरलेल्या जागी असतात, ओळख पटायला तेवढं पुरतं. गाळून घेतलेल्या मिठात तर नक्कीच. मुख्य गोष्ट वेगळी आहे. समॅरियम आणि युरोपियम या मिठात दोन भारापर्यंतच उतरतात. त्यांना धातू करायला जाल तर आधी मिठातलाच लिथियम बाहेर येतो. म्हणजे ते कॅथोडवर येणारच नाहीत, मीठ वेगळ्या मार्गाने साफ करावं लागणार. हे आधी मोजून ठेवायचं की प्लांट बांधून झाल्यावर?

बरं, लँथनाइड इंधनात परत गेले तर न्यूट्रॉन खातात. वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या फास्ट रिअॅक्टरमध्ये तो त्रास कमी, पण धातूच्या इंधनात ते स्टीलच्या आवरणाशी जाऊन भिडतात. तमिळनाडूत कल्पाक्कमच्या अणुकेंद्रात धातूच्या इंधनासाठी याच पद्धतीवर काम चालतं, जैतापूरसाठी नव्हे. राजापूरकरांनी दोन्हींची खिचडी केली आहे.

देवगडचो
ता सगळा बरोबर असा, बाई. पण शेवटाक कचरो खंय ठेवतलास, ता आधी सांगा. आमका तुमच्या रंगाचा काय करूचा हा? म्हावरा व्हया, आंबो व्हयो.

राजापूरकर
देवगडकरांनू, कचरा मोजल्याशिवाय कमी कसा करणार? मिठात किती काय साचलंय हे कळलं तर मीठ कधी बदलायचं ते ठरतं. जास्त वेळा बदललं तर कचरा वाढतो, उशिरा बदललं तर काम बिघडतं. आणि प्लुटोनियमचा चोख हिशोब ठेवायलाही असली नजर लागतेच.

तारापूरला_होतो
मीठ बदललं म्हणजे गेलं कुठे? अणुकचरा काचेत गोठवतात, पण क्लोराइड नेहमीच्या काचेत नीट मुरत नाही, त्यासाठी सोडालाइट खनिजासारखं सिरॅमिक करावं लागतं. देवगडच्या गड्याचा प्रश्न इथेच आहे आणि स्पेक्ट्रम त्याचं उत्तर देत नाही.

एक मात्र करा. त्या मुलीला सांगा, एकेक लँथनाइड पुरे झाला. चार-पाच एकत्र घाल, वर युरेनियम घाल, आणि त्यातून युरोपियम वेगळा काढून दाखव. जमलं तर मी स्वतः वाडीत येऊन हसणाऱ्यांना गप्प करीन.