ईव्ही चार्जर बसवणाऱ्या वायरमनला वेगळं प्रमाणपत्र सक्तीचं करावं का?

पॉवरफॅक्टर
आमच्या पिंपरी-चिंचवडात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये विजेच्या गाड्यांचे घरोघरचे चार्जर बसू लागलेत आणि बसवणारे बहुतेक आपले नेहमीचेच वायरमन. माझं मत सांगतो, मग तुटून पडा: आयटीआय आणि परवाना आहेच, त्यावर चार्जरसाठी आठवडाभराचं प्रशिक्षण आणि हाताने करून दाखवायची परीक्षा सक्तीची हवी.

गीझर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. ७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो, तेही तासन् तास सलग. टर्मिनलचा स्क्रू अर्धा फेरा ढिला राहिला तर गीझरला एक वेळ खपून जातं. इथे वायरचं इन्सुलेशन तपकिरी पडतं, कडक होतं, आणि लक्षात येतं तेव्हा बॉक्समधून वास सुटलेला असतो.

त्याहून भयंकर प्रकार अर्थिंगचा. अर्थ नीट नसेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, लाल दिवा दाखवतात. मग काही महाभाग डीबीमध्ये, म्हणजे वीज वाटणाऱ्या बोर्डात, न्यूट्रल आणि अर्थच्या पट्ट्या वायरच्या तुकड्याने जोडून देतात. दिवा हिरवा, गिऱ्हाईक खूश. उद्या मागून येणारा न्यूट्रल तुटला की गाडीची अख्खी बॉडी लाइव्ह, हात लावला की शॉक! आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा आपोआप तोडणारी कळ) पडेल म्हणाल, तर तिच्यातून जाणारा आणि येणारा करंट सारखाच असतो, कारण जोड तिच्या मागे, मीटरच्या बाजूला मारलेला आहे. तिला काही कळतच नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा विनियमांत प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट आणि जास्तीत जास्त ३० मिलिअँपिअरची, किमान ए टाइप आरसीडी (आरसीसीबी ही त्यातलीच) सांगितली आहे. किती वायरमन दुकानात 'ए टाइप द्या' म्हणून मागतात?

तासगावचा ठेकेदार
साफ असहमत.

भाऊ, नियम तुम्हीच सांगितलात. नियम आहे, परवाना आहे, विद्युत निरीक्षक आहेत. वायरिंग परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, हेही जुनंच आहे. मग दुखणं कुठे आहे? वायरिंग तपासल्याच्या टेस्ट रिपोर्टवरची सही जागा न बघता विकली जाते, तिथे आहे. आमच्याच धंद्यातली गोष्ट आहे, लपवून काय करू? नवीन प्रमाणपत्र काढा, त्याचीही झेरॉक्स फिरेल.

आणि भुर्दंड कुणाला? आमच्याकडच्या पोराने आठवडाभर मजुरी बुडवायची, पुण्यात राहायचं, वर फी भरायची. मोठे ठेकेदार आपल्या पोरांची फी एकरकमी भरून मोकळे होतील, आणि गावातला चार्जर बसवायला शंभर किलोमीटरवरून माणूस येईल. बसवून गेला की परत फिरकणार नाही. बिघडला की बोलावणार कुणाला? ज्याला काम करायला बंदी केली त्यालाच.

न्यूट्रल-अर्थचा जोड मारणाऱ्याला ते चूक आहे हे माहीत असतं. अर्थिंगचा खड्डा नव्याने करायचे पैसे गिऱ्हाईक देत नाही म्हणून तो मारतो. लबाडीवर कोर्सचा उतारा चालत नाही.

लीड्सकर
मी इकडे इंग्लंडात हेच काम करतो. तिकडच्या वादात थोडी भर.

इथे बऱ्याच घरांत न्यूट्रल आणि अर्थ वीज कंपनीच्या केबलमध्ये एकच असतात. ती तार तुटली तर दारात उभी गाडी लाइव्ह होऊ शकते, म्हणून इथल्या वायरिंग नियमांत, बीएस ७६७१ मध्ये, चार्जरसाठी ७२२ हा वेगळा विभाग आहे. इलेक्ट्रिशियन त्यावर छोटा कोर्स करतात. गंमत म्हणजे वेगळं प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचं नाही. पण चार्जरसाठी सरकारी अनुदान हवं असेल तर बसवणारा अधिकृत यादीतला लागतो. शिवाय चार्जर बसवल्याचं वीज वितरण कंपनीला कळवावं लागतं. दंडुक्यापेक्षा अनुदानाची दोरी बरी चालते, असा माझा अनुभव.

तासगावचा ठेकेदार
@लीड्सकर, तुमच्याकडे काम झाल्यावर मीटर लावून रीडिंग लिहून देतात. आमच्याकडे टेस्टर पेटला की काम झालं.

पॉवरफॅक्टर
काका, हेच तर मी म्हणतोय! रीडिंग घ्यायला शिकवा.

तासगावचा ठेकेदार
शिकवा की. सक्ती कशाला? अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंग मोजायचं मीटर, स्वस्त करा, तालुक्याच्या आयटीआयमधून भाड्याने द्या. निम्मं काम तिथेच होईल.

बी विंगचा सेक्रेटरी
तुमच्या दोघांच्या भांडणात आमची पंचाईत. मेंबर एनओसी मागतो, त्याचा वायरमन म्हणतो 'काय नाही साहेब, पंधरा अँपिअरचा पॉइंटच तर आहे'. आग लागली तर सही माझी. मला वायरिंगमधलं ओ की ठो कळत नाही. निदान एखादा कागद तरी असावा, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल.

निदेशिका
सेक्रेटरी साहेब, कागदाकडे बोट दाखवून आग विझत नाही.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या मुलांना शिकवते, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचून बोलते. काका म्हणतात न्यूट्रल-अर्थचं सगळ्यांना ठाऊक असतं. ते मान्य. पण आरसीसीबीचं नसतं. एसी टाइपच्या पुढच्या बाजूला चौकटीत नुसती एक लाट छापलेली असते. ए टाइपवर त्याच लाटेखाली अर्ध्या लाटा असतात. दोन्ही समोर ठेवून फरक विचारला की चांगला अनुभवी माणूसही मागची किंमत वाचायला लागतो. गाडीच्या बाजूने सपाट डीसी गळती आली तर एसी टाइप बधिर होते, पडायचं तेव्हा पडत नाही. ए टाइपही ६ मिलिअँपिअर डीसीपर्यंतच भरवशाची. त्यापुढचं ओळखायची सोय चार्जरमध्ये आहे का, ते त्याच्या कागदावर बघावं लागतं. नसेल तर सपाट डीसीही ओळखणारी बी टाइप लागते. यात लबाडी कुठे आहे? हे कुणी सांगितलेलंच नाही.

त्यामुळे प्रशिक्षण हवंच. पण आठवडाभर पुण्यात नको. तालुक्याच्या आयटीआयमध्ये, शनिवार-रविवार, परवाना नूतनीकरणाला जोडून. परीक्षेत प्रश्नपत्रिका नाही. बोर्डात मुद्दाम केलेल्या चुका शोधून दाखवायच्या.

तासगावचा ठेकेदार
ताई, नूतनीकरणाला जोडलं की ती सक्तीच झाली. शनिवार-रविवार असेल तर पोरं पाठवीन. पण त्या चुका शोधायच्या परीक्षेला टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्यांनाही बसवा. आधी त्यांनाच.

बी विंगचा सेक्रेटरी
तोपर्यंत मी एनओसीला काय मागू, ते सांगा कुणीतरी. शुक्रवारी मीटिंग आहे.

निदेशिका
परवाना क्रमांक, अर्थचं रीडिंग आकड्यात, आणि आरसीसीबीचा लाटा दिसतील असा जवळून फोटो.