स्मूथनिंग सोडून १४ महिने झाले, कुरळे केस परत येताहेत पण मधेच तुटताहेत. कापू की थांबू?

नमस्कार मंडळी,

एरवी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, स्वतःसाठी धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

माझे केस मुळात कुरळे. आमच्या घरात त्यांना ‘झिपऱ्या’ याखेरीज दुसरा शब्द नव्हता. आई रविवारी तेल थापून अशा घट्ट दोन वेण्या घालायची की भुवया वर ओढल्या जायच्या. २०१८ मध्ये लग्नाआधी स्मूथनिंग (क्रीम लावून केस कायमचे सरळ करणं) केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बोटं मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेली. त्या सुखापायी दर दहा महिन्यांनी रूट टचअप. शेवटच्या वेळी पार्लरमध्ये नुसत्या नव्या वाढीला लावायचं क्रीम पार खालपर्यंत ओढलं गेलं (मी मोबाईलमध्ये डोकं घालून, मलाही कळलं नाही). पंधरा दिवसांत टोकांची केरसुणी. तेव्हाच म्हटलं, बास.

आता मुळाकडचे साधारण १५ सेंमी कुरळे आहेत, तेही ओढून धरले तर. सोडले की कानाच्या वर उडी मारून बसतात. त्याखाली सरळ, निस्तेज शेपटं. काल एक केस बेसिनच्या कडेवर ठेवून बघितला. वर स्प्रिंग, खाली झाडूची काडी, आणि सांध्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. दोन्हीकडून हलकेच ओढला, तर तुटला नेमका तिथेच.

सोसायटीत बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी. साबणाला फेस नाही, तोटीवर पांढरा थर. धुण्याआधी खोबरेल, आठवड्यातून दोनदा शाम्पू, मग जवसाचं जेल. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचे आणि तार आली की गरम असतानाच गाळायचं. गार झालं की ते गाळणीलाच धरून बसतं. फ्रीजमधल्या बाटलीवर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावलीय, का ते विचारू नका.

सरळ भाग सगळा कापला तर बॉयकट होईल आणि मे महिन्यात नणंदेचं लग्न आहे. आईचं एकच पालुपद, “अगं, लोक विचारतील काय झालं म्हणून.” न कापता तो सांधा सांभाळता येतो का? बायोटिनच्या (केसांसाठी म्हणून विकतात त्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्यांनी फरक पडतो? आणि ‘बॉन्ड रिपेअर’ म्हणून विकतात त्याने खरंच काही जुळतं का?

प्रतिसाद

मी यातून गेलेय, दोन वर्षं लागली. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. जखम भरते तसा तो भरून येत नाही. स्मूथनिंगच्या क्रीमने केसातले बंध तोडून ते सरळ आकारात पुन्हा पक्के केलेले असतात, त्यामुळे त्या भागाला कुरळेपणा परत यायचा नाही. बॉन्ड रिपेअरने फार तर तुटणं कमी होतं. केस महिन्याला एक ते सव्वा सेंमी वाढतो, म्हणजे तुझे १५ सेंमी अगदी हिशेबात आहेत. वाढ थांबलेली नाही, खालून तुटतंय म्हणून लांबी दिसत नाही.

एकदम कापू नकोस. दर दोन महिन्यांनी दोन बोटं. गुंता कंडिशनर लावलेला असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर वर येत सोडव. ओला केस जास्त ताणला जातो आणि सांधा तिथेच दगा देतो. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद, जुना सुती टीशर्ट गुंडाळ. उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा. आणि लग्नासाठी गंगावन नावाची खोट्या केसांची वस्तू आपल्या आज्यांनी कशासाठी ठेवली होती?

प्रतिसाद

डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आधी केस गळतोय की तुटतोय ते बघा. मुळापासून आलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते, तुटलेल्याला नसते. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच. गाठवाले फार वाटले तर दोन-तीन महिन्यांमागे काय झालं होतं ते आठवा. डेंगी, मोठा ताप, बाळंतपण यांचा हिशेब केस उशिराने चुकता करतात. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघून घ्या. बायोटिनची कमतरता नसेल तर गोळ्यांचा फारसा उपयोग नाही, उलट त्याने थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. घेत असाल तर रक्त देताना सांगा. भांग रुंदावत असेल किंवा कपाळाची कड मागे सरकत असेल तर मात्र त्वचेच्या डॉक्टरकडे जा. लहानपणापासूनच्या घट्ट वेण्या तिथे नडतात.

प्रतिसाद

कांद्याचा रस सुचवायला कोणी येण्याआधी सांगतो, तो भज्यांतच बरा. खोबरेल मात्र सोडू नका. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल केसांवर तपासून पाहिलं होतं, त्यात धुताना केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलने कमी केलं. ते केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन वरवर राहतात. जड पाण्यासाठी घटकांत ईडीटीए (पाण्यातले क्षार धरून ठेवणारं रसायन) लिहिलेला क्लॅरिफायिंग, म्हणजे साचलेला थर काढणारा शाम्पू महिन्यातून एकदा, आणि शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा. (बायकोचे कुरळे आहेत, मी पाणी भरतो.)

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आज न्हाणीघराच्या जाळीवरचे केस टिश्यूवर पसरून मोजले. २६ निघाले, गाठ फक्त ७ जणांना. म्हणजे प्रकरण मुख्यतः तुटण्याचंच दिसतंय. गोळ्यांचा विचार सोडला. शनिवारी दोन बोटं कापणार.

गंगावनाचं आईला विचारलं. तिच्या लग्नातलं ट्रंकेत आहे म्हणे, डांबराच्या गोळ्यांसकट. पण ते एकदम सरळ आहे! कुरळ्या केसांना जुळणारं गंगावन कुठे मिळतं, आणि पुण्यात कुरळे केस कोरडे असतानाच कापणारं कोणी माहीत असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.