एनएफएलमधली वेदनाशामकं: खेळाडूला व्यसन लागलं तर जबाबदार कोण?

सह्यकडा

मे २०१४ मध्ये शिकागो बेअर्स टीमचा जुना दिग्गज रिचर्ड डेंट आणि आणखी सात निवृत्त खेळाडूंनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात एनएफएलवर दावा लावला. (एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग.) त्यांचं म्हणणं असं: आम्हाला मैदानावर उभं ठेवण्यासाठी वर्षानुवर्षं गोळ्या आणि इंजेक्शनं दिली गेली, धोके कुणी सांगितले नाहीत. आता कुणाची मूत्रपिंडं खराब झालीत, कुणाच्या गोळ्या सुटत नाहीत.

माझ्या मते पहिली जबाबदारी टीमची आणि लीगची. डॉक्टर टीमने नेमलेला असतो. रविवारच्या मॅचला खेळाडू उतरला तर फायदा टीमचा, आणि त्याला उतरता येईल की नाही हे सांगणार तोच डॉक्टर. अशा खोलीत खेळाडू 'हो, द्या इंजेक्शन' म्हणाला, तर त्याला मी मोकळ्या मनाने दिलेली संमती मानत नाही. एनएफएलमधले बहुतेक करार पूर्ण हमीचे नसतात. पुढच्या हंगामाचे पैसे हातात नसतात. सरासरी कारकीर्द खेळाडू संघटनेच्या सांगण्यानुसार ३.३ वर्षांची. बाकावर बसलेला दुसरा पोरगा जागा घ्यायला टपलेलाच असतो.

वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ६४४ निवृत्त खेळाडूंशी बोलून २०११ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ५२ टक्क्यांनी खेळत असताना अफूवर्गीय वेदनाशामकं घेतली होती, आणि त्या घेणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांनी त्यांचा गैरवापर केल्याचं सांगितलं. डेट्रॉइटच्या टीमचा खेळाडू कॅल्विन जॉन्सन निवृत्तीनंतर २०१६ मध्ये म्हणाला की टीमचे डॉक्टर आणि ट्रेनर या गोळ्या खाऊसारख्या वाटून टाकायचे. इतक्या जणांची एकच गोष्ट असेल, तर तिला एकेकाचा कमकुवतपणा कसं म्हणायचं?

ओहायोकर

तुमची तळमळ समजते, पण मी पूर्ण असहमत आहे. तुम्ही दिलेल्या त्याच अभ्यासातला पुढचा भाग वाचा. गैरवापर करणाऱ्यांपैकी फक्त ३७ टक्क्यांनी सांगितलं की आम्हाला गोळ्या डॉक्टरकडूनच मिळाल्या. उरलेल्या ६३ टक्क्यांनी कधी ना कधी त्या इतरत्र मिळवल्या: टीममधले मित्र, ट्रेनर, घरचे, विकणारे, इंटरनेट.

ग्रीन बे पॅकर्स टीमच्या ब्रेट फाव्हरचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये घोट्याच्या ऑपरेशननंतर त्याला झटके आले, मे महिन्यात त्याने व्हायकोडिन या वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन जाहीर केलं, कॅन्ससमधल्या उपचार केंद्रात ४६ दिवस काढले आणि त्याच हंगामात टीमला सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, जिंकून दिली. एका वेळी चौदा गोळ्या घेत होतो, सहकाऱ्यांच्या वाट्याच्या गोळ्या मागून घेत होतो, हे त्याने स्वतः सांगितलंय. आदल्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या माणसाला बाकावर बसायची भीती होती, असं म्हणता येणार नाही. सहकाऱ्यापुढे हात पसरताना त्याच्यावर कुठल्या डॉक्टरने जबरदस्ती केली होती?

शिवाय लीग आणि खेळाडू संघटनेतल्या २०११ च्या सामूहिक करारात स्पष्ट लिहिलंय की डॉक्टरचं पहिलं कर्तव्य टीमशी नसून पेशंट खेळाडूशी आहे. टीमच्या खर्चाने दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्कही आहे. सज्ञान माणसं आहेत, एजंट आहेत, वकील आहेत. आपली सही आपण निभावायची.

भूलशास्त्र

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून एक फरक आधी सांगते. व्हायकोडिनसारखी औषधं अफूवर्गातली, त्यांचं व्यसन लागतं. टोराडॉल म्हणजे केटोरोलॅक, आपल्याकडे दाढदुखीला पाण्यात विरघळवून घ्यायला देतात तेच. त्याचं व्यसन लागत नाही, पण ते मूत्रपिंडाला इजा करू शकतं, पोटात रक्तस्राव करू शकतं, रक्त गोठण्याची क्रिया मंद करतं. म्हणूनच ते एकूण पाच दिवसांपेक्षा जास्त देऊ नये असा इशारा आहे.

आता दाव्यातलं वर्णन बघा. दावा लावणाऱ्यांपैकी सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स टीमचा जेरेमी न्यूबेरी सांगतो की मॅचआधी टोराडॉलच्या इंजेक्शनसाठी खेळाडूंची रांग लागायची. त्याला आज मूत्रपिंडाचा आजार आहे. त्या रांगेतल्या प्रत्येकाला तपासून, कालची मात्रा विचारून इंजेक्शन दिलं जात असेल, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. आणि ज्या खेळात डोकं डोक्यावर आपटतं, तिथे रक्त गोठू न देणारं औषध मॅचच्या आधी द्यायचं? २०१२ मध्ये एनएफएलच्या डॉक्टरांच्याच संघटनेने नेमलेल्या गटाने सांगितलं की दुखू नये म्हणून आधीच टोराडॉल देऊ नका. ते औषध तोवर दोन दशकं बाजारात होतं.

ओहायोकर, फाव्हरने सहकाऱ्यांकडून गोळ्या घेतल्या हे खरं. पण त्या सहकाऱ्यांना त्या कुणी लिहून दिल्या होत्या? इतक्या उरत होत्या की वाटता येत होत्या, यातच सगळं आलं. व्यसन एकदा लागलं की 'त्याने मागितल्या' हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या फार अर्थाचं राहत नाही. मागणं हे त्या आजाराचं लक्षण आहे. पहिली चिठ्ठी लिहिणाऱ्याला हे शिकवलेलं असतं, खेळाडूला नाही.

कोर्टपायरी

खेळाडूंच्या संघटनेच्या जबाबदारीबद्दल दोन्ही बाजू अजून बोललेल्या नाहीत, आणि माझा राग तिच्यावर जास्त आहे. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी डेंटचा दावा फेटाळला तो याच मुद्द्यावर: वैद्यकीय हक्क संघटनेने वाटाघाटी करून मिळवलेले आहेत, दाद त्या कराराच्या चौकटीत मागा. सप्टेंबर २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. औषधं हाताळताना काळजी घ्यायचं कर्तव्य कायद्यानेच येतं, ते ठरवायला करार उघडावा लागत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. खालच्या कोर्टाने दावा पुन्हा फेटाळला. २०२० मध्ये निष्काळजीपणाच्या आरोपाचा एक भाग तेवढा परत जिवंत झाला.

इतकी वर्षं ही माणसं 'कुठल्या दारात जायचं' यावरच भांडत राहिली. प्रत्येक करारात पैशाच्या वाट्यासाठी संघटना ताणून धरते. वेदनाशामकांवर लीग आणि संघटनेची संयुक्त समिती मात्र २०१९ मध्ये आली. फाव्हरच्या पत्रकार परिषदेनंतर तेवीस वर्षांनी!

ओहायोकर

भूलशास्त्र, चिठ्ठीबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. रांगेतलं इंजेक्शन मीही समर्थनीय मानत नाही. पण टोराडॉलची रांग आणि व्यसन या दोन गोष्टी आपण एकाच खटल्यात घालतोय. पहिलीत डॉक्टर दोषी आहे. दुसरीत खेळाडूचा वाटा शून्य धरला, तर आज लॉकर रूममध्ये बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला आपण सांगतोय की तुझ्या हातात काहीच नाही. मला ते धोकादायक वाटतं. माझा मुलगा शाळेच्या टीममध्ये खेळतो. ट्रेनरने दिलेली गोळी घरी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलंय, आणि तो ऐकतो.

रेवती_डॅलस

तुमचा मुलगा ऐकतो, कारण त्याला घरी परत यायचंय आणि त्याच्या न खेळण्याने घरातलं काही थांबणार नाही. ज्याच्या एका करारावर आई-भावंडांचं सगळं अवलंबून आहे, तो विचारेल कुणाला? इथे टेक्सासमध्ये शुक्रवारी रात्री शाळेच्या मॅचला अख्खं गाव लोटतं. लंगडत परत मैदानात येणाऱ्या पोरासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या आहेत. दुखणं दडवलं की कौतुक होतं, हे ही मुलं एनएफएलला पोचायच्या कितीतरी आधी शिकतात.

सह्यकडा

ओहायोकर, खेळाडूचा वाटा शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण वाटा ठरवताना कुणाच्या हातात काय होतं ते बघायला हवं. करारात 'पहिलं कर्तव्य पेशंटशी' असं लिहिलेलं असताना नोव्हेंबर २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी केंद्रीय खात्याला मॅच संपल्यावर पाहुण्या टीमच्या डॉक्टरांची अचानक तपासणी करावी लागली. अटक कुणालाच झाली नाही, हेही सांगतो. पण लिहिलेलं पाळलं जातंय यावर सरकारचा भरवसा नव्हता, एवढं त्यातून दिसतं.

आणि उपाय सुचवला गेला होता. २०१६ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासगटाने सांगितलं की डॉक्टर दोन प्रकारचे करा. खेळाडूवर उपचार करणारे वेगळे, त्यांची नेमणूक लीग आणि संघटनेच्या संयुक्त समितीने करावी. टीमला तंदुरुस्तीचा अहवाल देणारे वेगळे. लीगने ते अव्यवहार्य म्हणून नाकारलं.

ओहायोकर

त्या अभ्यासाला पैसा खेळाडू संघटनेच्या निधीतून आला होता, हेही लिहा. तरी ही सूचना मला पटते. उपचार करणाऱ्या डॉक्टरचा पगार टीमच्या खिशातून जाणार नसेल, तर मी आज पाठिंबा देतो. पण मग त्या डॉक्टरने 'खेळू नकोस' म्हटल्यावर खेळाडू बाहेरून गोळी घेऊन उतरला, तर तेव्हा जबाबदार कोण, हे तुम्ही आताच सांगा.

सह्यकडा

तेव्हा खेळाडू. पण ती व्यवस्था आधी उभी करा, मग त्याच्याकडून तो हिशेब मागा. डेंट आणि न्यूबेरीच्या काळात असा डॉक्टरच नव्हता.