'व्ह्यूअरशिप'ला मराठीत काय म्हणावं?

सांजवारा:
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत आणतेय. २०२३ मध्ये पॅक-१२ ही अमेरिकन कॉलेज फुटबॉलची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणाऱ्या युनिव्हर्सिट्यांची मोट, कशी फुटली आणि वॉशिंग्टन स्टेट, ओरेगन स्टेट या दोन युनिव्हर्सिट्या कशा मागे राहिल्या, असा विषय. 'व्ह्यूअरशिप'ला 'प्रेक्षकसंख्या' लिहिलं, तर मुद्रितं तपासणाऱ्या काकांचा शेरा आला: "पुलमनला, वॉशिंग्टन स्टेटच्या गावी, मी स्वतः सामना पाहिलाय, मैदान खच्चून भरलं होतं. प्रेक्षकसंख्या कमी कशी?" मैदानातले आणि टीव्हीसमोरचे, दोघेही आपल्याला प्रेक्षकच. पैसा मात्र टीव्हीसमोरच्यांवर ठरतो. वेगळा शब्द सुचवा.

आडवाटे:
दर्शकसंख्या.

तिरशिंगराव:
ही हिंदी वाहिन्यांची ब्याद. मराठीत दर्शक म्हणजे दाखवणारा. दिशादर्शक, मार्गदर्शक. शाळेत दर्शक सर्वनामं शिकलात ना? हा-ही-हे काय टीव्ही बघत बसतात?

आडवाटे:
संस्कृतात दर्शक बघणाराही आहे आणि दाखवणाराही. हिंदीने एक अर्थ उचलला, आपण दुसरा. त्यात ब्याद कसली?

चकलीभाजणी:
टीआरपी म्हणा आणि मोकळ्या व्हा. माझ्या सासूबाईंनाही कळतं.

सांजवारा:
टीआरपी नाही चालायचं, ताई. इथे नील्सनने, म्हणजे टीव्ही किती जण बघतात ते मोजणाऱ्या कंपनीने, मोजलेली डोकी लागतात, आणि आता तर ती करारातच आली आहेत. मार्च २०२५ मध्ये फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सन या युनिव्हर्सिट्यांची त्यांच्या एसीसी या कॉन्फरन्सशी तडजोड झाली, त्यात टीव्हीच्या पैशातला ६० टक्के हिस्सा पाच वर्षांच्या सरासरी व्ह्यूअरशिपवर वाटायचा ठरलाय. शब्द ढिला पडला तर अख्खा परिच्छेद ढिला पडतो.

निवांत:
सिएटलकर म्हणून दोन शब्द. पॅक-१२ चे कितीतरी सामने इथे संध्याकाळी साडेसातला सुरू व्हायचे, म्हणजे न्यू जर्सीत रात्रीचे साडेदहा. माझा भाऊ तिकडे पहिल्या क्वार्टरलाच घोरायला लागायचा. त्यात पॅक-१२ चं स्वतःचं चॅनल डायरेक्टटीव्ही या डिश सेवेवर कधी लागलंच नाही. लोक बघत नव्हते आणि लोकांना दिसत नव्हतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यालाही शब्द शोधा. वॉशिंग्टन स्टेटचा झेंडा २००३ पासून ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या 'कॉलेज गेमडे' कार्यक्रमात दर शनिवारी मागे फडकतोय, पण बिग टेन या बड्या कॉन्फरन्सने बोलावलं ते वॉशिंग्टन आणि ओरेगन या दुसऱ्याच युनिव्हर्सिट्यांना.

तिरशिंगराव:
मूळ लेखातल्या 'कॉन्फरन्स'चं काय केलंत? आणि ती स्त्रीलिंगी कशी?

सांजवारा:
परिषद करून पाहिलं. वाचणाऱ्याला पत्रकार परिषद वाटते. संघ म्हणजे टीम, गट म्हटलं की वर्ल्ड कप. म्हणून तशीच ठेवली.

चकलीभाजणी:
आणि कॉन्फरन्स बदलणं म्हणजे दुसरा घरोबा! एसएमयू या युनिव्हर्सिटीने तर एसीसीत जागा मिळावी म्हणून नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलं. हुंडाच की हा.

तिरशिंगराव:
'पक्षांतर' हा नेमका शब्द असताना घरोबा कशाला?

आडवाटे:
पक्षांतरात विचार सोडल्याचा वास येतो. इथे कुणी विचार बाळगला होता? यूएससी आणि यूसीएलए या पॅक-१२ मधल्या युनिव्हर्सिट्यांनी ३० जून २०२२ ला निघायचं जाहीर केलं, त्यांना बिग टेनचा टीव्हीचा पैसा दिसत होता.

निवांत:
'बघे' कसं वाटतं? टीव्हीसमोरचे ते बघे, मैदानातले ते प्रेक्षक.

चकलीभाजणी:
बघे अपघाताला जमतात हो!

निवांत:
ओरेगन स्टेटवाल्यांना विचारा, अपघातच होता तो.

तिरशिंगराव:
'बघणे' हेच मुळात बोलीतलं. लेखात 'पाहणे' हवं. आमच्या नागपुरात कुणी बघत नाही.

आडवाटे:
कोल्हापुरात या, बघतोच तुम्हाला.

सांजवारा:
अहो, अंक शुक्रवारी छापायला जातोय. 'टीव्हीवरचे प्रेक्षक' असं सरळ लिहू का?

तिरशिंगराव:
'टीव्ही' कशाला? दूरचित्रवाणी लिहा.

चकलीभाजणी:
झालं सुरू.